गेम बनवणाऱ्यांनो, आधी अक्षर मोठं करा

पुणे, मुंबई आणि महाराष्ट्रात इतरत्र पीसीवरचे गेम बनवणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र ‘स्टीम’ हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हला किंवा मायक्रोसॉफ्टला लिहिता आलं असतं. पण त्यांच्याकडे अशा पत्रांचा ढीग आहे, आणि त्या ढिगातली बरीच कामं त्यांनी हळूहळू का होईना हातात घेतली आहेत. तुम्हाला लिहितोय, कारण तुमचे गेम अजून घडतायत. अक्षर केवढं, मेनू कुठे, उडी कुठल्या बटणावर, हे तुमच्याकडे आत्ता ठरतंय. दोन वर्षांनी, ट्रेलर झळकल्यावर, तेच बदला म्हटलं तर तुम्ही हात जोडून ‘पुढच्या गेमला बघू’ म्हणाल. आणि ते खरंही असेल.

माझी ओळख थोडक्यात. दिवसा कोल्हापुरात एका कंपनीचं बिलिंगचं सॉफ्टवेअर सांभाळतो, रात्री मॉड बनवतो, म्हणजे दुसऱ्यांच्या तयार गेममध्ये बाहेरून फेरफार करतो. माझ्या मॉडची बातमी होत नाही. त्यात नवे ड्रॅगन नसतात, नवी शहरं नसतात. अक्षरं मोठी करणं, सबटायटलमागे काळी पट्टी टाकणं, दाबून धरायचं बटण एकदा दाबून सोडलं तरी चालेल असं करणं, अशी ही कामं. म्हणजे जे गेममध्ये मुळात असायला हवं होतं, ते मागाहून चिकटवणं. तुमच्याकडे मागणं एवढंच, की तुमच्या गेमसाठी मला हे करावं लागू नये. आणि जिथे तुम्हाला वेळेअभावी जमणार नाही, तिथे निदान आतून कडी लावून घेऊ नका.

सुरुवात हँडहेल्डपासून, म्हणजे हातात धरून खेळायच्या छोट्या पीसीपासून करतो, कारण दुखणं जुनं असलं तरी ते चारचौघांत उघडं पडलं ते तिथे.

व्हॉल्व्हचा स्टीम डेक आला २५ फेब्रुवारी २०२२ ला. सात इंची पडदा, १२८० बाय ८०० पिक्सेल, आत लिनक्सवरची स्टीमओएस आणि विंडोजचे गेम तिच्यावर चालवून घेणारा प्रोटॉन. विक्रीच्या देशांच्या यादीत भारत नव्हता. तरी आपल्या लोकांनी तो मिळवलाच. कुणी दुबईहून, कुणी अमेरिकेतल्या भावाच्या सामानातून, कुणी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या ओळखीतून. पुढे जुलै २०२३ मध्ये आसुसचा आरओजी अॅलाय ६९,९९० रुपयांना रीतसर दुकानात आला, मग एमएसआयचा क्लॉ आला, आणि पीसीवरचा गेम लोकलमध्ये किंवा गादीवर लोळत खेळणारा माणूस आपल्याकडेही दिसायला लागला.

तुमच्या स्टुडिओत मात्र टेबलावर २७ इंची मॉनिटर असतो आणि त्याच्यासमोर पंचविशीतला डिझायनर. त्याला चौदा पिक्सेलचं करड्या रंगाचं अक्षर करड्याच पाटीवर नाजूक आणि देखणं दिसतं. तोच मेनू हातभर अंतरावरच्या सात इंची पडद्यावर आला की खेळणारा हँडहेल्ड नाकाशी नेतो. हॉलमधल्या टीव्हीला जोडला तर सोफ्यावरून उठून पुढे येतो. ज्याला मोतीबिंदू आहे, ज्याचा चष्मा जाड आहे, मधुमेहाने ज्याच्या डोळ्यातला पडदा खराब झालाय, तो तर २७ इंची मॉनिटरसमोरही नाकाशीच नेत होता. पण तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही, कारण तो एकटा होता. हँडहेल्डमुळे धडधाकट डोळ्यांची माणसंही त्याच्या रांगेत येऊन उभी राहिली आणि अचानक सगळ्यांना अक्षर बारीक वाटू लागलं.

आणखी एक रांग लागायची आहे, ती माझ्या पिढीची. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळलेली, ‘रोड रॅश’ आणि ‘आयजीआय’ची सीडी शेजाऱ्याकडून आणलेली मंडळी आता चाळिशीला टेकली आहेत. त्यांच्या खिशात आता क्रेडिट कार्ड आहे आणि डोळ्यांवर चाळिशी. तुमचा गेम पूर्ण किमतीत विकत घेणारं गिऱ्हाईक हेच आहे. विचार करा.

व्हॉल्व्हने स्टीम डेकवर गेम ‘व्हेरिफाइड’ ठरवताना अक्षराचं माप घालून दिलंय. १२८० बाय ८०० वर सर्वांत लहान अक्षरही नऊ पिक्सेलच्या खाली जाता कामा नये आणि फूटभर अंतरावरून वाचता आलं पाहिजे. सात इंची पडद्यावर नऊ पिक्सेल म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर. माप म्हणून हे किमानच आहे, बारा असावेत अशी शिफारस तेही करतात. पण हे माप रोमन लिपीचं आहे. तुम्ही गेम मराठीत किंवा हिंदीत आणणार असाल, आणि आणावात असं मला फार वाटतं, तर त्या नऊ पिक्सेलवर विसंबू नका. ‘मूर्तींच्या’ हा शब्द घ्या. देवळं-लेण्यांची गोष्ट सांगणाऱ्या गेममध्ये तो दर दहा मिनिटांनी येणार. म-खाली दीर्घ ऊकार, त-वर वेलांटी, तिच्यावर रफार, रफाराला चिकटून अनुस्वार, पुढे च-ला जोडलेला य. नऊ पिक्सेलच्या उंचीत शिरोरेषेच्या वरचा आणि अक्षराखालचा पसारा बसवल्यावर मधल्या अक्षराला चार-पाच पिक्सेल उरतात, आणि रफार-अनुस्वाराचा मिळून एक ठिपका होतो. वाचणारा शब्द वाचत नाही, अंदाज बांधतो. माझ्या अनुभवाने या पडद्यावर देवनागरी सोळा पिक्सेलच्या खाली नेऊ नये, आणि ओळींमधली जागा इंग्रजीपेक्षा सढळ ठेवावी. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो.

त्याआधी अक्षर मुळात जुळलं तरी पाहिजे. तुमच्यातले बरेच जण युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतात, म्हणून तुम्हाला हे सांगायला नको: त्यातल्या टेक्स्टमेशप्रो या मजकूर दाखवणाऱ्या भागात ‘कि’ टाकलं की वेलांटी क-च्या डावीकडे जायची ती उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. कारण मजकुरातल्या खुणांची अक्षरात जुळणी करणारा टप्पाच त्यात नाही. गोडो ४ या तशाच सॉफ्टवेअरमध्ये तो आहे, त्यात हार्फबझ नावाची मोफत लायब्ररी हे काम करते. अनरियलमध्येही तीच आहे. युनिटी ६ मध्ये मेनू बांधायच्या यूआय टूलकिटसाठी नवी मजकूर-यंत्रणा आली आहे, पण तुमचा प्रकल्प जुन्या यूआयवर बेतलेला असेल तर आजच चाचणी करा. शंभर संवादांचं भाषांतर झाल्यावर हे कळलं की स्टुडिओत एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘राहू दे, इंग्रजीच ठेवू.’ फॉन्टचं कारण तर सांगूच नका. मुंबईच्या एक टाइपचे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ मोफत आहेत आणि छोट्या पडद्यावर चांगले वाचता येतात. फक्त ‘दुसऱ्या’ आणि ‘ॲप’ हे दोन शब्द टाकून बघा. हे दोन नीट उमटले तर बाकीचं बहुतेक उमटेल.

आता मॉडचं बघू.

बाहेरच्यांनी केलेल्या फेरफारांतून केवढं उभं राहतं हे तुम्हाला ठाऊक आहे. ‘काउंटर-स्ट्राइक’च मुळात १९९९ मध्ये ‘हाफ-लाइफ’चा मॉड म्हणून जन्मला. पण मॉडची एक कमी चमकणारी परंपरा आहे, डागडुजीची. ऑगस्ट २०१२ मध्ये ‘डार्क सोल्स’ पीसीवर आला तेव्हा मॉनिटर कितीही मोठा असो, गेमचं चित्र आतल्या आत १०२४ बाय ७२० लाच अडकवून ठेवलेलं होतं. ड्युरांटे या टोपणनावाने लिहिणाऱ्या ऑस्ट्रियातल्या एका प्रोग्रामरने ‘डीएसफिक्स’ हा मॉड अर्ध्या तासाच्या आत टाकला आणि कुलूप निघालं. पुढे त्याने गेम पीसीवर आणून देणारी कंपनीच थाटली. २०११ च्या ‘स्कायरिम’चा मेनू टीव्ही आणि कंट्रोलर डोळ्यांपुढे ठेवून केलेला होता, माउस-कीबोर्डवाल्यांसाठी तो ‘स्काययूआय’ने नव्याने बांधला, आणि कित्येक वर्षं लोक गेम टाकल्यावर आधी तोच टाकत आले. कोळ्यांची भीती असलेल्यांसाठी ‘स्कायरिम’मधल्या कोळ्यांची अस्वलं करणारे मॉड निघाले. लोक हसले. पुढे ‘ग्राउंडेड’ने ही सोय गेममध्येच दिली आणि ‘हॉगवर्ट्स लेगसी’ने २०२४ मध्ये अपडेटमधून आणली.

याच परंपरेचं सर्वांत अवघड टोक म्हणजे अंध खेळाडूंचे मॉड. ‘स्ले द स्पायर’साठी ‘से द स्पायर’, ‘स्टारड्यू व्हॅली’साठी ‘स्टारड्यू अॅक्सेस’, ‘हार्थस्टोन’साठी ‘हार्थस्टोन अॅक्सेस’, ‘फॅक्टोरिओ’साठी ‘फॅक्टोरिओ अॅक्सेस’. कल्पना साधी आहे. गेमच्या पोटात जे लिहिलेलं आहे, पत्त्यांच्या गेममध्ये पत्त्यावरचं वाक्य, शत्रूचे उरलेले प्राण, समोरच्या चौकटीत झाड आहे की दगड, ते पकडायचं आणि स्क्रीन रीडरच्या हवाली करायचं. स्क्रीन रीडर म्हणजे बहुतेकांकडे एनव्हीडीए; २००६ मध्ये दोन अंध ऑस्ट्रेलियन मित्रांनी सुरू केलेला, मोफत, आणि म्हणून आपल्याकडेही घरोघरी पोचलेला. त्याच्यासोबत येणारा आवाज मराठीही वाचतो. यंत्रासारखा वाचतो, पण वाचतो. ‘फॅक्टोरिओ’ या कारखाना उभारायच्या गेममधले पट्टे, चिमटे, भट्ट्या यांचा अख्खा पसारा न बघता, फक्त ऐकून उभा करणारे लोक आहेत. ‘फॅक्टोरिओ’ मी डोळ्यांनी बघून खेळलो तरी माझा पट्टा तिसऱ्या वळणावर तुंबतो.

पण बघा, हे मॉड कशावर उभे असतात? तुम्ही न सांगता बदलू शकता अशा गोष्टींवर. फंक्शनचं नाव बदललं, मजकूर साठवायची जागा बदलली, की मॉड पडला. एप्रिल २०२४ मध्ये ‘फॉलआउट ४’ला मोठं अपडेट आलं, त्यावर बेतलेले असंख्य मॉड कोलमडले, आणि ‘फॉलआउट: लंडन’ हा पूर्ण गेमएवढा मॉड एप्रिलचा जुलैवर गेला. डोळस खेळाडूला ही चिडचिड असते, दोन-तीन महिने थांबायचं. अंध खेळाडूसाठी मात्र काल विकत घेतलेला, काल चालणारा गेम आज बंद असतो, आणि का बंद आहे हे त्याला पडद्यावर वाचताही येत नाही.

उलट उदाहरणही आहे. ‘स्टारड्यू व्हॅली’ एरिक बॅरोन या एकट्या माणसाने केलेला गेम. मार्च २०२४ मध्ये त्याची १.६ आवृत्ती आली तेव्हा आतली मांडणी बरीच बदलली होती, पण काय बदलतंय याची मॉडवाल्यांसाठीची लांबलचक टिपणं आधीच तयार होती. पडझड झाली, पण सावरायला वेळ लागला नाही. एकट्या माणसाच्या गेमला जे जमतं ते वीस जणांच्या स्टुडिओला का जमू नये, हा प्रश्न मी तुमच्यावरच सोडतो.

तुमच्याकडून मॉडवाल्यांना काय हवंय, तर फार काही नाही. संवाद आणि मेनूतला मजकूर कोडात पुरून ठेवू नका, साध्या सीएसव्ही किंवा जेसन फाइलमध्ये ठेवा. भाषांतरासाठी तुम्हाला तो तसा लागणारच आहे. अक्षराचं माप एका जागी ठेवा, शंभर जागी नको. मोठा पॅच टाकताना स्टीमवर जुनी आवृत्ती वेगळ्या शाखेत राहू द्या. ती सोय स्टीमने दिलेलीच आहे, दोन-चार क्लिकचं काम. आणि एकट्याने खेळायच्या गेममध्ये फायलींना कुलपं लावायचा मोह आवरा. ऑनलाइन सामन्यांमध्ये फसवणूक रोखायला कुलूप लागतं, हे मान्य. मात्र तिथेही बघून लावा. ऑक्टोबर २०२४ अखेर ‘एपेक्स लेजंड्स’ने फसवणुकीचं कारण देऊन लिनक्सचं दार बंद केलं, आणि त्या दारातून स्टीम डेकवाले सरळमार्गी खेळाडूही बाहेर गेले.

हातांबद्दल लिहायचं राहिलं. डोळ्यांबद्दल मी जास्त लिहितो, कारण माझं काम अक्षरांचं. पण गेम शेवटी हातांनी खेळतात.

माझ्या एका मित्राच्या उजव्या हाताची बोटं अपघातानंतर चालत नाहीत. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलर काढला, दोन मोठी बटणं आणि पाठीमागे बाहेरचे स्विच जोडायला १९ खाचा असलेला; तो त्याच्या आवाक्यातला नव्हता. त्याने आर्केडची मोठी बटणं, एक साधा यूएसबी एन्कोडर बोर्ड आणि प्लायवुडची फळी यांतून स्वतःचा पॅड केला. डावा हात कंट्रोलरवर, उजवं कोपर फळीवरच्या बटणांवर, आणि नेम धरायला माउस म्हणून पायाखाली ट्रॅकबॉल. तो बरा खेळतो. मला हरवतो हे सांगण्यात काही अर्थ नाही, मला सगळेच हरवतात.

त्याला आडवं काय येतं ते ऐका. गेमला एका वेळी एकच साधन मान्य असतं. कंट्रोलर हलला की गेम म्हणतो कंट्रोलर, ट्रॅकबॉल हलला की म्हणतो माउस, आणि पडद्यावरची बटणांची चित्रं सेकंदाला दहादा बदलत लुकलुकतात. काही गेममध्ये तेवढ्या क्षणापुरतं चालणंच थांबतं. आता गंमत अशी, की स्टीम डेकवर यंत्र तिरपं करून, म्हणजे जायरोने नेम धरणाऱ्याला हाच त्रास होतो. त्याचा जायरो माउस म्हणून जातो आणि अंगठा कंट्रोलर म्हणून. दोन्ही साधनं एकाच वेळी मान्य करायची आणि चित्रं कुठली दाखवायची ते सेटिंगमध्ये विचारायचं, एवढा उपाय केला की हजारो हँडहेल्डवाले खूश आणि माझा मित्रही. ज्यांना ॲक्सेसिबिलिटी, म्हणजे शरीराची अडचण असलेल्यांनाही गेम खेळता येण्याची सोय, ‘थोड्या लोकांसाठीचं जादा काम’ वाटते, त्यांना मी हेच उदाहरण देतो.

बटणं बदलता येणं ही त्यातली पहिली पायरी, आणि ती अर्धवट नको. ‘स्टीम इनपुट आहे ना, त्यातून बदलतील’ असं उत्तर मला एका डेव्हलपरकडून मिळालं होतं. स्टीम इनपुट, म्हणजे बटणं बदलायची स्टीमची स्वतःची सोय, उत्तमच आहे, पण त्यातून बटण बदललं तरी तुमचा गेम पडद्यावर ‘ए दाबा’ असंच सांगत राहतो, आणि प्रत्येक वेळी मनात भाषांतर करत खेळणं थकवणारं असतं. दुसरं, दाबून धरायची बटणं. धावणं, नेम धरणं, दार उघडणं, प्रत्येकाला ‘एकदा दाबा’ हा पर्याय द्या. तिसरं, एकच बटण धडाधड दाबायला लावणारे प्रसंग. साखळी तोडताना नायकाचे कष्ट कळावेत म्हणून वीस वेळा बटण बडवायला लावायचं, ही युक्ती आता पुरे. संधिवात झालेल्याला नायकाचे कष्ट अधिक चांगले कळतात, त्याला ते शिकवू नका.

‘आमच्याकडे एवढी माणसं नाहीत, पैसा नाही’ हा मुद्दा येणारच. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ २०२० मध्ये ६० हून अधिक ॲक्सेसिबिलिटी पर्याय घेऊन आला; त्यामागे सोनीचा पैसा होता. २०२३ च्या ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’मध्ये अंध माणसाला नुसत्या आवाजांच्या खुणांवरून गाडी वळवता येते, तिथे मायक्रोसॉफ्टचा. तुमच्याकडून कुणी ते मागत नाही. पण २०१८ चा ‘सेलेस्ट’ बघा. मोजक्या माणसांचा गेम, आणि जाणूनबुजून कठीण. त्यात असिस्ट मोड आहे: गेमचा वेग निम्म्यापर्यंत कमी करा, दम संपू देऊ नका, हवं तर अजिबात मरू नका. गेमच्या कठीणपणाला त्यामुळे धक्का लागला नाही. ज्यांना डोंगर तसाच चढायचा होता ते तसाच चढले. या सगळ्या सोयी म्हणजे चार बदलते आकडे. गेम तपासताना तुम्ही स्वतः अमरत्वाचं बटण दाबताच ना? तेच बटण मेनूत ठेवायचंय.

खर्च वाढतो तो उशिरामुळे. पहिल्या महिन्यात मेनू ताणता येईल असा केला तर अक्षर दीडपट करणं हे एका दुपारचं काम. मेनू चित्रात रंगवून झाल्यावर तेच करायला गेलात तर चार आठवडे.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राउन’ मुद्दाम आठवतोय, कारण पुण्या-मुंबईत या राजपुत्राबद्दल एक हळवेपण आहे. ‘सँड्स ऑफ टाइम’च्या रीमेकचं काम युबिसॉफ्टच्या इथल्या स्टुडिओंकडे होतं आणि २०२२ मध्ये ते माँट्रियलला गेलं; तुमच्यापैकी कुणी त्यात राबलं असेल. ‘लॉस्ट क्राउन’ हा युबिसॉफ्टच्याच माँटपेलियर स्टुडिओचा, २०२४ मधला. त्यात समोरच्या दृश्याचा फोटो काढून थेट नकाशावर टाचता येतो: इथे बंद दार आहे, इथे नंतर यायचं. ज्यांच्या लक्षात राहत नाही त्यांच्यासाठी ही देणगीच. पण तो वापरला सगळ्यांनी, कारण दिवसभर काम करून रात्री पाऊण तास खेळणाऱ्याच्या तरी काय लक्षात राहतं? त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये ॲक्सेसिबिलिटीचा पुरस्कार याच गेमला मिळाला. पुण्यातूनही २०२० मध्ये नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ जगभर गेला. इथली चित्रं, इथल्या कथा बाहेरच्यांना आवडतात हे त्याने दाखवून दिलं. आता तो दर्जा मेनूच्या पानावरही दिसू द्या.

सरकारबद्दल दोन शब्द, जास्त नको. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अॅनिमेशन, गेमिंग वगैरेंसाठीचं एव्हीजीसी-एक्सआर धोरण मंजूर केलं, आराखडा ३,२६८ कोटींचा. त्यातला काही पैसा तुमच्यापैकी काहींच्या दारात येईल. अनुदानाच्या अर्जात ‘गेममध्ये अक्षर मोठं होतं का, बटणं बदलता येतात का, सबटायटल आहेत का’ असे तीन रकाने असावेत, असं मला वाटतं, आणि हे पत्र मंत्रालयात कुणी वाचत असेल तर त्यांनी ते टिपून घ्यावं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं म्हटलं; प्रकरण होतं बँकांच्या केवायसीत डोळे मिचकावून दाखवण्याचं, जे अॅसिड हल्ल्यातल्या पीडितांना आणि अंधांना शक्य नव्हतं. गेमला हे उद्याच लागू होईल असं मी म्हणत नाही. पण कायदा मागे लागल्यावर घाईने चिकटवलेला पर्याय कसा दिसतो हे आपण सरकारी वेबसाइटींवर पाहिलंय. कोपऱ्यात ‘अ+’ आणि ‘अ-’ अशी दोन बटणं असतात, त्यांनी बहुतेक वेळा फक्त मथळा मोठा होतो.

तुमच्या हातात आज असलेलं एक काम सांगतो. २०२५ पासून स्टीमच्या दुकानात गेमच्या पानावर ॲक्सेसिबिलिटीच्या खुणा दाखवता येतात: अक्षराचं माप बदलतं का, मेनू वाचून दाखवला जातो का, अवघडपणा कमी-जास्त होतो का, आवाजाच्या पातळ्या वेगवेगळ्या ठरवता येतात का. खरेदीदार त्यावरून गेम गाळून बघू शकतो. तो अर्ज प्रामाणिकपणे भरा. नसेल त्याला नाही म्हणा. ज्याला एका हाताने खेळायचंय तो पैसे भरण्याआधी हेच शोधत असतो, आणि खोटी खूण बघून गेम घेतलेला माणूस परतावा मागतो तेव्हा सोबत परखड शेराही लिहून जातो.

आणि पुढच्या नेक्स्ट फेस्टला, म्हणजे स्टीमच्या डेमोंच्या महोत्सवाला, डेमो टाकाल तेव्हा एवढं करा. गेम पहिल्यांदा उघडताच, पहिलं चित्र हलायच्याही आधी, एक पान दाखवा: अक्षर केवढं हवं, सबटायटल हवेत का, मेनू वाचून दाखवू का. हे पान सेटिंगच्या चौथ्या पोटमेनूत असेल, तर ज्याला ते हवंय त्याला तिथवर पोचताच येत नाही. डेमो टाकण्याआधी तो एकदा स्टीम डेकवर किंवा अॅलायवर चालवा. स्टुडिओत नसेल तर ओळखीच्यांत कुणाकडे तरी असतोच. तो ऑफिसमधल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या हातात द्या, अकाउंट्सवाल्या काकांच्या म्हणा, चष्मा न बदलता. त्यांनी संवाद मोठ्याने वाचून दाखवले तर डेमो टाका. अडखळले तर कुठे अडखळले ते लिहून घ्या आणि आधी तेवढं दुरुस्त करा.

मराठी मजकूर तपासायला कुणी हवं असेल तर मी आहे, आणि माझ्यासारखे आणखी आहेत. पैसे नकोत. फक्त मजकुराची फाइल कुठे ठेवलीय ते सांगा.

आपला,
एक कोल्हापूरकर